‘क्षमा’ आणि ‘सोडणे’: शुभवर्तमानातील एका क्रियापदाचा विचार

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात शिमोनाच्या सासूचा ताप जातो. दुसऱ्यात छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती मनुष्यास, तो उठून चालू लागण्यापूर्वीच, पापांची क्षमा मिळते. मूळ ग्रीकात या दोन्ही स्थळी ‘आफिएमी’ हे एकच क्रियापद आहे. त्याचा मूलार्थ सोडून देणे, जाऊ देणे. प्रचलित मराठी भाषांतरात मात्र ताप ‘निघतो’ आणि पापांची ‘क्षमा’ होते. क्षमा व आरोग्य यांना जोडणारा शब्दाचा धागा येथे तुटतो.

ही हानी किरकोळ मानता येत नाही. संस्कृत ‘क्षम्’ धातूचा मुख्य अर्थ सहन करणे. पृथ्वी सारे सोसते म्हणून तिला ‘क्षमा’ म्हणतात, अशी परंपरेची समजूत आहे. व्युत्पत्तिदृष्ट्या ती शंकास्पद असली तरी शब्दाचा भाव ती नेमका सांगते. त्यामुळे ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘क्षमा कर’ असे सांगणे म्हणजे ‘मुकाट्याने सोस’ असे सांगणे ठरू शकते. आणि उपदेशकांकडून ते पुष्कळदा तसेच सांगितले जाते. ‘आफिएमी’ला हा अर्थ अभिप्रेत नाही. ते देण्याघेण्याच्या व्यवहारातलेही क्रियापद आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील राजा दासाचे १०,००० तलांतांचे देणे सोडतो, ते हिशेब मांडल्यानंतर. देणे किती हे आधी उघड होते, मगच ते सुटते. जखम नाकारून ती बरी करण्याची कल्पना या दृष्टांतात कोठेही नाही.

मराठीला हा अर्थ परका आहे असेही नव्हे. मत्तयातील प्रभूच्या प्रार्थनेत भाषांतरकारांनी ‘ऋण’ हा शब्द राखला आणि त्याला ‘सोडणे’ हेच क्रियापद जोडले. मग पक्षाघाती मनुष्याच्या प्रसंगी ते का टाळले? यात केवळ अनवधान नसावे. ‘पाप सोडणे’ म्हणजे मराठीत पाप करणे थांबविणे. तेथे सोडणारा पापी स्वतःच असतो. ही संदिग्धता टाळण्यासाठी ‘क्षमा’ सोयीची ठरली असेल. परंतु ग्रीकात त्या स्थळी क्रियापद कर्मणि आहे. मराठीत त्याला ‘सुटणे’ हे अकर्मक रूप जवळचे: मनुष्य ऋणातून सुटतो, दुखण्यातून सुटतो, पापातूनही सुटतो.