सांगशाकचे दिवस आणि स्लिमसाहेबांचं पुस्तक

बेळगावात दुसऱ्या महायुद्धातल्या मराठा पलटणींचा विषय निघाला की बोलणं दोन ठिकाणी जातं, केरेन आणि इटली. ते साहजिकच आहे. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणी लढल्या. रेजिमेंटला त्या युद्धात मिळालेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस, यशवंत घाडगे यांचा (१९४४) आणि नामदेव जाधव यांचा (१९४५), इटलीतलेच. पण १९२२ पासून ज्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्याच गावात मणिपूरमधल्या सांगशाकचं नाव क्वचित ऐकू येतं. याचा थोडा दोष आपण वाचतो त्या पुस्तकांकडेही जातो. त्यातलं सगळ्यांत वजनदार म्हणजे चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांचं ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ (१९५६).

आधी पुस्तकाचं श्रेय पुस्तकाला द्यायला हवं. सेनापतींच्या आठवणी म्हणजे बहुधा स्वतःची वकिली. स्लिम तसं करत नाहीत. मार्च १९४४ मध्ये मुतागुची यांच्या तीन डिव्हिजन चिंदविन ओलांडून आल्या, तेव्हा आपले दोन अंदाज चुकले हे ते सरळ कबूल करतात. पहिला, १७व्या डिव्हिजनला मागे घेण्याची वेळ ठरवणं त्यांनी खालच्या अधिकाऱ्यांवर सोपवलं. दुसरा, कोहिमावर फार तर एखादी रेजिमेंट येईल असं ते धरून चालले होते. प्रत्यक्षात सातो यांची अख्खी ३१वी डिव्हिजन आली. एवढं मोकळेपणी लिहिणारा सेनापती विरळा.

अडचण इथंच सुरू होते. अंदाज चुकले, तरी कोहिमा आणि इंफाळ वाचले कसे? स्लिम यांचा भर विमानांनी आणलेल्या कुमकेवर आहे. १९ मार्चपासून पाचवी डिव्हिजन आराकानातून विमानांनी हलवली गेली, हे खरंच. पण कुमक यायला दिवस लागतात. ते दिवस कुणी मिळवून दिले?

त्याच १९ मार्चला उख्रुलच्या बाजूला जपानी ५८वी रेजिमेंट ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडवर येऊन आदळली. ब्रिगेड त्या भागात नवीन होती. तिच्या हाताखाली आपली ४/५ मराठा पलटण होती. पुढची ठाणी सोडून सगळे सांगशाक या तांगखुल नागांच्या गावाजवळच्या टेकडीवर जमले. तिथं पाण्याची सोय नव्हती, काटेरी तार नव्हती आणि दोन-तीन फुटांखाली खडक लागत असल्यानं खंदक नीट खणता येत नव्हते. विमानांतून टाकलेल्या सामानातलं बरंचसं शत्रूच्या हाती पडत होतं. चर्चच्या आसपास तर हातघाईची लढाई झाली. २६ मार्चच्या रात्री हुकूम आल्यावर उरलेले लोक जंगलातून बाहेर पडले.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. कोहिमाच्या बचावाची मदार असलेली रॉयल वेस्ट केंट पलटण गावात शिरली ५ एप्रिलला, वेढा आवळत असताना. जपानी आठवडाभर आधी पोचले असते तर? हा प्रश्न स्लिम यांनाही ठाऊक होता. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी स्वतःच या ब्रिगेडची पाठ थोपटली. पुस्तकातही विलंबाचं मोल ते मान्य करतात. पण थोडक्यात, आणि लगेच पुढं जातात.

यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. सेनेच्या मुख्यालयातून जे दिसतं ते पुस्तकात ठळक आलं, एवढंच. नकाशावरच्या बाणाला तहान लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. सांगशाक मुळात जपानी १५व्या डिव्हिजनच्या वाट्याचा प्रदेश होता. ३१व्या डिव्हिजनचे मियाझाकी वाट वाकडी करून तिथं अडकले, ते स्वतःच्या निर्णयानं. म्हणजे हा विलंब आपल्या जवानांच्या चिवटपणाइतकाच शत्रूच्या हट्टाचाही. ‘सांगशाकनं हिंदुस्थान वाचवला’ असं म्हणणं म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं.

तरी माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णायक वळण म्हणजे फक्त विजयाची जागा नव्हे. जिथं माघार घ्यावी लागली, पण घड्याळ आपल्या बाजूला वळलं, तीही वळणाचीच जागा. अशा जागी पदकं कमी मिळतात आणि पुतळे उभे राहत नाहीत. म्हणून स्थानिक इतिहासात त्या आधी विसरल्या जातात.

स्लिम यांचं पुस्तक जरूर वाचा. त्या मोहिमेवर इतकं प्रामाणिक लिखाण दुसरं सापडणं कठीण. फक्त मार्च १९४४ चं प्रकरण आलं की तारखांचा कागद शेजारी ठेवा. आणि घरातले कुणी चौथ्या पलटणीत होते असं कानावर आलं असेल, तर जुन्या ट्रंकेतलं पे-बुक, पत्रं, फोटो एकदा बघून ठेवा. सेनापतीनं दोन ओळींत उरकलेलं तिथं कदाचित पानभर निघेल.