एकोणपन्नास वजा अठ्ठेचाळीस

क्ष = ७ + ४√३ असेल, तर √क्ष + १/√क्ष ची किंमत काढा.

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात नववीचं कुठलंही गाईड चाळा, या घाटाचं उदाहरण सापडेलच. उत्तर ४. मुलं ते सोडवतात, खाली दोन रेघा मारतात आणि पुढच्या उदाहरणाला लागतात. तक्रार एवढीच, की ते सोडवलं जातं, वाचलं जात नाही.

आधी त्याचं रूप बघा. आत करणी, तिच्यावर वर्गमूळ, शिवाय त्याचाच गुणाकार व्यस्त. एवढा पसारा मांडून उत्तर मात्र साधी पूर्ण संख्या! मग ते √३ गेले कुठे?

वर्गात शिकवतात ती वाट अशी: ४√३ म्हणजे २ × २ × √३, आणि ४ + ३ = ७; म्हणून क्ष म्हणजे (२ + √३) चा वर्ग. √क्ष झालं २ + √३. व्यस्ताच्या छेदाचं परिमेयीकरण केलं की छेदात ४ − ३ = १ उरतो आणि व्यस्त येतो २ − √३. बेरजेत एक √३ अधिक, एक उणे, दोघेही गेले.

पण ४ आणि ३ सुचायचे कसे? ‘जुळवून बघा’ असं सांगितलं जातं, आणि ज्याला जुळत नाही तो स्वतःला मठ्ठ समजतो. हा अन्याय आहे, कारण रीत आहे आणि ती भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहे. ४√३ ला √४८ म्हणा. सातचा वर्ग ४९, त्यातून ४८ वजा, उरला १. त्याचं वर्गमूळ १. ते सातात मिळवून निम्मे करा, ४. सातातून वजा करून निम्मे करा, ३. √४ + √३. अंदाजपंचे काही नाही. भास्कराचार्य याहून दांडगं उदाहरण घेतात: १७ + √४० + √८० + √२००. सतराचा वर्ग २८९, त्यातून ८० आणि २०० गेले, राहिले ९, मूळ ३. निम्मे करून १० आणि ७. दहा बाजूला ठेवायचे आणि सातला पुन्हा कामाला लावायचं: ४९ − ४० = ९, मूळ ३, म्हणून ५ आणि २. वर्गमूळ √१० + √५ + √२. हे कागदावर करून बघाच; दुसऱ्या फेरीत तोच ९ पुन्हा येतो तेव्हा मजा वाटते.

हे गणित या शहराला परकं नाही. जवळच्याच देवगिरीच्या सिंघण यादवाचा दरबारी ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. कन्नडचा घाट उतरून गेलं की चाळीसगावजवळ पाटणे लागतं. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाची नोंद आहे. लेख संस्कृत, शेवटचा भाग जुन्या मराठीत. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला.

आता पुन्हा त्या ४९ − ४८ कडे. मूळ सरळ निघायला ही वजाबाकी पूर्ण वर्ग आली तरी पुरतं. ७ + √४० घ्या: उरले ९, मूळ √५ + √२, छानच. पण व्यस्ताच्या छेदात ३ येऊन बसतो आणि बेरीज विस्कटते. उणे-अधिक नीट कटायला बरोबर १ च हवा. उदाहरण रचणाऱ्याची सगळी कारागिरी या एकात आहे, आणि प्रश्नात तो कुठेच दिसत नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. मागितलेल्या बेरजेलाच य म्हणा आणि वर्ग करा: य² = क्ष + १/क्ष + २. त्याच १ मुळे १/क्ष म्हणजे ७ − ४√३; म्हणून य² = १४ + २ = १६. वर्गमूळ काढायची गरजच पडली नाही. मात्र इथे ‘± ४’ लिहून मार्क घालवणारे पुष्कळ. दोन्ही पदं धन आहेत, उणे चार येईल कुठून?

आणि ७ + ४√३ च्या जागी ८ + ३√७ घातलं तर? ६४ − ६३, पुन्हा १. दुसऱ्या वाटेने य² = १८, उत्तर ३√२, ओळीभरात. जुळवत बसणारा मात्र इथे अडकतो, कारण भास्कराचार्यांच्या रीतीने निम्मे केलं की हाती येतात साडेचार आणि साडेतीन.