मुस्तफाची लाथ आणि काचेवरची बटणं

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात आज जे पस्तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना 'मुस्तफा' कोण हे सांगावं लागत नाही. कॅपकॉमने 1993 साली काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा आर्केड गेम आपल्याकडे चालला तो त्यातल्या मुस्तफा कैरो या टोपीवाल्या गड्याच्या नावाने. पार्लरमध्ये एका मशीनवर तिघं खांद्याला खांदा लावून उभे आणि मागे नंबर लावून बसलेली पोरं, असा तो काळ. पार्लर गेली, गेम टिकला. आता तो इम्युलेटरमधून फोनवर खेळला जातो, कारण घरच्या कुठल्याही कन्सोलवर तो अधिकृतपणे आलेलाच नाही. 2018 मध्ये कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला. त्यात 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता, पण मुस्तफा नव्हता. मार्क शुल्ट्झच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवरून परवाना घेऊन केलेला हा गेम. तो पुन्हा काढणं एकट्या कॅपकॉमच्या हातात नाही.

जुना गेम नव्याने आणताना त्याचं नियंत्रण होतं तसं ठेवायचं, की आजच्या हातांना रुळेल असं बदलायचं, हा वाद सध्या सगळीकडे पेटलेला आहे. आपल्याकडे तो फोनच्या काचेपासून सुरू होतो.

मुस्तफाच्या मशीनवर एक स्टिक आणि कामाची दोनच बटणं: एक मारायचं, एक उडीचं. स्टिक पुढे दोनदा झटकली की मुस्तफा पळत सुटतो आणि पळता पळता मारायचं बटण दाबलं की झेपावून लाथ घालतो. खाली-वर करून मारलं की खास वार. दोन्ही बटणं एकदम दाबली तर भोवतालचे सगळे आडवे होतात, पण त्याचा भुर्दंड आपल्याच लाइफमधून कापला जातो. एवढ्या मोजक्या सामग्रीवर आठ स्टेजेस उभ्या आहेत, आणि पळून लाथ नेमकी कधी घालायची हे ज्याला साधलं त्याची एका कॉइनमध्ये मजल कुठच्या कुठे जायची.

फोनवर नेमकी हीच गोष्ट बिघडते. स्टिक कुठे अडते ते हाताला कळायचं. काच सपाट, तिथे अडायला काही नाही. अंगठा दोनदा पुढे नेताना एकदा घसरतो, मुस्तफा पळायच्या ऐवजी चालत जातो आणि समोरच्याचा वार खातो. म्हणून खेळणारे सेटिंगमध्ये जाऊन दोन बटणांचं काम एका बटणावर घेतात, कुणी ऑटो-फायर लावतात, म्हणजे बटण धरून ठेवलं की वार आपोआप होत राहतात. मग मित्रामित्रांत वाजतं. एकाचं म्हणणं, असं खेळलास तर तो मुस्तफा नव्हेच. दुसऱ्याचं म्हणणं, मशीन कुठून आणू?

माझ्या मते या दोन सवलती एका मापाने मोजू नयेत. दोन बटणांऐवजी एक ठेवलं तरी लाइफ कापली जाते ती जातेच, आणि ती केव्हा खर्च करायची हा निर्णय खेळणाऱ्याकडेच राहतो. काचेने काढून घेतलेली सोय तेवढी परत मिळते. ऑटो-फायरने मात्र वेळ साधण्याचं कामच खेळणाऱ्याच्या हातून जातं, आणि मुस्तफात साधायची गोष्ट वेळ हीच आहे. नियंत्रण बदलताना कोणता निर्णय खेळणाऱ्याकडे राहिला आणि कोणता गेला, हे आधी तपासायला हवं.

कॅपकॉमनेच जून 2023 मध्ये 'स्ट्रीट फायटर 6' काढला, तेव्हा हे तपासून पाहिलेलं दिसतं. हादोकेन हा खास वार टाकायला 'क्लासिक' पद्धतीत खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा, हा 1987 च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'पासूनचा रिवाज. 'मॉडर्न' पद्धतीत तेच काम एका बटणावर होतं, पण असा सोपा वार वीस टक्के कमी लागतो आणि काही साधे फटके हातातून जातात. जुन्या खेळाडूंनी याला नावं ठेवली. मला हा सौदा न्याय्य वाटतो. नवा पोरगा पहिल्याच दिवशी समोरच्याचे डावपेच वाचू लागतो, आणि ज्याने वर्षानुवर्षं मनगट घासलं आहे त्याच्या मेहनतीचंही मोल राहतं.

'टूम रेडर'च्या बाबतीत मात्र हिशेब चुकला. पहिले तीन गेम फेब्रुवारी 2024 मध्ये अस्पायरने नव्या रूपात आणले आणि त्यात दोन पद्धती दिल्या. जुनी पद्धत रणगाड्यासारखी: डावं-उजवं दाबलं की नायिका लारा जागच्या जागी वळते, पुढे दाबलं की ज्या दिशेला तोंड असेल तिकडे जाते. नव्या पद्धतीत स्टिक जिकडे, लारा तिकडे. ऐकायला नवी सोपी वाटते. पण 1996 चा तो गेम चौकोनांच्या जाळ्यावर रचलेला आहे. उभ्याने उडी मारली तर एका चौकोनाची दरी पार होते, पळत मारली तर दोन, आणि पळत जाऊन पलीकडची कड पकडली तर तीन. म्हणून कडेला यायचं, एकदा मागे टुणकन उडी घ्यायची, पुढे पळायचं आणि पळतानाच उडीचं बटण दाबायचं. हे माप जमलं की उडी चुकत नाही. नव्या पद्धतीत लारा मोकळी फिरते, पण खालची दरी चौकोनांच्या मापातच राहिलेली आहे. कडेशी किती अंतर सोडायचं ते नजरेने ठरवावं लागतं आणि लारा खाली जाते. लोक जुन्या पद्धतीला अवघड म्हणून मोडीत काढतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या दऱ्या तिच्याच मापाने कापल्या होत्या. नियंत्रण बदलायचं तर दऱ्याही पुन्हा कापायला हव्या होत्या.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये 'प्रिन्स' खेळलेल्यांना हे लगेच पटेल. जॉर्डन मेकनरच्या 1989 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त शिफ्ट दाबून बाण दाबला की राजपुत्र जपून एक पाऊल टाकतो. एका तासाची मुदत डोक्यावर असताना ते एक पाऊल टाकायचं, की तसंच धावत सुटायचं? सगळा थरार त्यात आहे.

'व्हाइस सिटी'बद्दल थोडक्यात. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळणाऱ्यांना त्यातलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायचं मिशन अजून झोंबतं. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने नियंत्रण 'जीटीए 5'च्या वळणावर नेलं. ते बरं झालं, पण बाकीच्या कामात इतका गलथानपणा होता की त्याबद्दल बोलायला कुणाला उसंतच मिळाली नाही.

खरी नवी वाट दाखवली ती 2020 च्या 'स्ट्रीट्स ऑफ रेज 4'ने. मुस्तफाच्या जातकुळीचाच गेम. खास वार केला की इथेही लाइफ कापली जाते, पण मार न खाता पुढचे फटके लागोपाठ बसवले तर कापलेली लाइफ परत मिळते. बटण तेच ठेवून फक्त त्याची किंमत बदलली. पूर्वी तो वार अडचणीसाठी राखून ठेवायचा असे, आता तो धाडसाचा झाला. जुन्याला हात न लावता त्यातून नवं काढणं म्हणतात ते हे. मार्च 2024 च्या 'कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा'त हवेतली दुसरी उडी आणि झटकन सरकणं आलं, ते जुन्या कॉन्ट्रावाल्यांना रुचलं नाही. पण तिथल्या स्टेजेस त्या उडीचा विचार करून रचल्या आहेत, त्यामुळे लाराची गत झाली नाही.

महाराष्ट्राचाही यात हात लागला आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवण्याचं काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं, सप्टेंबर 2020 मध्ये त्याची घोषणा झाली. ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवर टीकेची झोड उठली, तारखा पुढे गेल्या आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. या सगळ्या गदारोळात हातांबद्दल कुणी विचारलं नाही. 2003 च्या मूळ गेमचा मोठेपणा एका बटणात होता: ते दाबलं की वेळ उलटी फिरते आणि दरीत पडलेला राजपुत्र पुन्हा कडेवर येतो. जुना राजपुत्र पडला की मरत होता. याला वाळू शिल्लक असेपर्यंत चूक सुधारता येत होती. हे बटण आजच्या हातात कसं लागेल, यावर पुण्या-मुंबईच्या मंडळींनी काय विचार केला होता ते बघायला मला फार आवडलं असतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' 2020 मध्ये आला. त्यावर प्रिन्सचे संस्कार स्पष्ट दिसतात. कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती न दिल्याने भिंतीवरून धावणं, खांबावर चढणं सुरेख जमलं आहे. मारामारीत मात्र हात अडखळतो.

आता पुन्हा फोनकडे. रोज सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला असतो. उरलेल्या हाताच्या एका अंगठ्यात मावेल तोच गेम तिथे चालतो. नवी मुंबईच्या गेमेशनने 2016 मध्ये काढलेला 'लुडो किंग' असाच: फासा टाकायला एक टिचकी, सोंगटी हलवायला दुसरी. बीजीएमआय हा नेमबाजीचा गेम खेळणारे चार बोटांचा 'क्लॉ', म्हणजे पंजा, करून फोन धरतात, पण त्यासाठी बसायला जागा लागते. आपल्या भागातल्या खेळणाऱ्याचे हात हे असे आहेत, आणि जुने गेम फोनवर आणणाऱ्यांनी त्यांचा विचार फारसा केलेला नाही. मशीनवरची बटणं काचेवर जशीच्या तशी छापली की काम संपलं, असं ते समजतात.

परवान्याचा गुंता सुटून मुस्तफा कधी अधिकृतपणे आलाच, तर पॅडसाठी तो अजिबात बदलू नये: तिघं एकदम, पुढे दोनदा, लाथ. फोनसाठी मात्र वेगळी आवृत्ती हवी. पळण्यासाठी दोनदा दाबण्याऐवजी अंगठा एकदा सरकवून धरणं पुरावं, आणि त्या सरकण्याला जो जास्तीचा क्षण लागतो तेवढा अवधी समोरून सुरा घेऊन येणाऱ्यानेही द्यावा.