पोथी उरली, कथेकरी?

पिंगुळीची चित्रकथी हल्ली कपड्यांवर दिसते, दिवाणखान्यातल्या चौकटीत दिसते. ऐकू मात्र क्वचितच येते. आणि चित्रकथी ही तर मुळात ऐकायची कला!

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर आदिवासींना पूर्वी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांचा जुडगा म्हणजे पोथी. कथेकरी त्यातलं एकेक चित्र पुढे उभं करतो आणि गात, बोलत आख्यान लावतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक. चित्रात मागचा देखावा जवळपास नसतोच. मोठाल्या डोळ्यांची, एका अंगाने दिसणारी पात्रं आमनेसामने उभी. धनुष्य ताणलेलं आहे, बाण सुटायचा आहे. तो कधी सोडायचा ते सांगणारा ठरवणार. मंडळी रंगली असतील तर तेवढ्यात वीराची सगळी वंशावळ ऐकवून होते. पेंगत असतील तर चित्र पालटतं. ही नाडी ओळखणं कागदावर कुठेच रंगवलेलं नाही. चौकटीत घालून आपण घरी नेतो तो कथेचा निम्मा भाग, तोही मुका.

नव्या पिढीला पुराणकथांत गोडी नाही, ही तक्रार मला पटत नाही. याच सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम लागला की दशावताराला रात्र-रात्र माणसं बसतात. कथा त्याच, राक्षस तेच, लिहिलेली संहिताही नाही. नट उभ्या उभ्या संवाद रचतात. तरुण पोरं अमक्या नटाचं काम बघायला दुसऱ्या गावी जातात. दशावताराला देवळाची जत्रा आहे, ठरलेली रात्र आहे, बिदागी आहे, आणि चुकलेल्या वाक्याला हसणारा जाणकार प्रेक्षक आहे. चित्रकथीच्या वाट्याला येतो महोत्सवातला अर्ध्या तासाचा तुकडा. त्यात पहिली दहा मिनिटं निवेदक कलेची ओळख करून देण्यात घालवतो.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं, चित्रकथीबरोबर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही जपल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण एका घराने किती ओढायचं? बाहुल्या पोरांना चटकन धरतात, कारण हाताला काम मिळतं. रंगकामही कार्यशाळेत थोडंफार जमतं. आख्यान लावायला मात्र जाणत्याच्या मागे बसून वर्षानुवर्षं टाळ धरावा लागतो, आणि त्या वर्षांत पोट कशावर भरायचं ते कोणतीच कार्यशाळा सांगत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं नेमकं उलट झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या चमूने गावोगाव हिंडून लाखावर ओव्या गोळा केल्या. कित्येक बायांचा आवाज राहिला, दळण गेलं. तिथे निदान आवाज तरी आहे. पिंगुळीच्या किती पोथ्या पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत, न कापता, त्या-त्या कथेकऱ्याच्या गळ्यातून ध्वनिमुद्रित झाल्या आहेत? चित्रांची छायाचित्रं काढायला जाणाऱ्यांनी निदान हे काम सोबत उरकावं. आणि जिल्ह्यातल्या देवस्थानांनी जत्रेतली एक रात्र चित्रकथीच्या नावे लावावी, दशावतारी कंपनीला देतात तेवढ्याच बिदागीवर, टाळ धरणाऱ्या पोराचा वाटा वेगळा धरून.