पायऱ्या दिसल्या म्हणजे रंगमंच झाला का?

पिंगळीत बोलायचं आणि इथल्या बारवेचं नाव काढायचं नाही, हे बरं दिसणार नाही. बारवेच्या काठावर उभं राहिलं की पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात आणि कुणीतरी म्हणतंच, "इथे गाण्याचा कार्यक्रम काय रंगेल!" आज त्याच मोहाबद्दल बोलू.

या मोहाचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे इटलीतलं वेरोना. तिथलं रोमन अँफिथिएटर पहिल्या शतकातलं, झुंजींसाठी बांधलेलं. 10 ऑगस्ट 1913 रोजी, वेर्दी या संगीतकाराच्या जन्मशताब्दीनिमित्त, तिथे त्याचा 'आयदा' हा ऑपेरा झाला. तेव्हापासून महायुद्धांचे खंड सोडले तर उन्हाळ्यात तिथे ऑपेरा होतोच. अंधार पडला की प्रेक्षक हातात छोट्या मेणबत्त्या पेटवतात. गायकांनी माईकशिवाय गायचं, ही तिथली जुनी रीत.

आता बघा, ती वास्तू गाण्यासाठी नव्हती, तरी जमलं. का? कारण हजारो माणसांनी गोल बसून मध्ये बघावं, याचसाठी ती बांधली होती. काम बदललं, बसणं बदललं नाही. अर्थात किंमत मोजावी लागते. एवढ्या पसाऱ्यात भव्य तेच टिकतं. म्हणून तिथे 'आयदा' पुन्हापुन्हा होतो. नाजूक काही हरवून जातं.

आपल्याकडे काय झालं? वेरूळ महोत्सव कैलास लेण्यासमोर सुरू झाला, पुढे शहरातल्या सोनेरी महालात गेला. कलाकार थोर, यात वादच नाही. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. दगडावर रंगीत दिवे सोडले की लेणं काय, महाल काय, मागचा पडदा होतो. आवाज येतो स्पीकरमधून. कथकातला डोळ्यांचा अभिनय मागच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. मग ती वास्तू त्या गाण्याला काय देते? फोटो देते!

आपलं संगीत नाटकही उघड्यावरचं नव्हे. 1880 साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात आलं ते बंद नाट्यगृहात. नाट्यपदातली बारीक हरकत ऐकायला भिंती लागतात. मोकळ्या आभाळाखालचं आपलं संगीतनाट्य म्हणजे गोंधळ. संबळ लांबून ऐकू येतं, दिवटी उजेड देते, आख्यान अंगणात मावतं. कोकणातला दशावतारही तसाच: देवळाचा मंडप, एक बाकडं, पेटी, पखवाज, झांज. जागा आणि कला एकमेकींच्या मापाच्या आहेत.

मग बारव? ती बसण्यासाठी बांधलेलीच नाही हो. माणसानं खाली उतरावं, पाणी घ्यावं, वर यावं. पायऱ्या अरुंद, दगड झिजलेला, मध्ये पाणी. तिथे मंच घालायचा तर आधी पाणीच झाकावं लागेल. ज्याच्यासाठी ती बांधली तेच झाकून तिचा गौरव कसा करणार?

माझं म्हणणं एवढंच: गोंधळ देवळाच्या अंगणात होऊ द्या, बिनस्पीकरचा, शंभर माणसांपुरता. बारवेत पणत्या लावा, गाळ काढा, पाणी राहू द्या. जुन्या दगडाला प्रत्येक वेळी आपल्या टाळ्यांची गरज नसते.