पाचशेखालचं अमाप पीक

धातुसंकुलांवरचा कुठलाही प्रबंध उघडा. नवा लिगँड, बहुधा शिफ बेस. त्याची तांबं, निकेल, कोबाल्ट, जस्त यांच्याबरोबरची संकुलं. आणि आयआरच्या प्रकरणात ठरलेली दोन वाक्यं. अ‍ॅझोमेथिनचं पीक १६२० वरून १६०० वर उतरलं, म्हणजे नायट्रोजन धातूला जोडला गेला. ४५० आणि ५२० ला नवी पिकं आली, म्हणजे धातू-नायट्रोजन आणि धातू-ऑक्सिजन बंध सिद्ध झाले. पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं निघतं. दुसऱ्यावर माझा विश्वास नाही.

आयआरची खरी ताकद तुलनेत आहे. डीएमएसओचंच बघा. मोकळ्या रेणूत सल्फर-ऑक्सिजन बंधाचं पीक १०५५ प्रति सेंमीच्या आसपास दिसतं. ऑक्सिजनने धातू धरला की ते हजाराखाली घसरतं. सल्फरने धरला की ११०० च्या घरात चढतं. रुथेनियमच्या एका प्रसिद्ध संकुलात चार डीएमएसओ असतात. त्यांतले तीन सल्फरने जोडलेले आणि एक ऑक्सिजनने, त्यामुळे एकाच कागदावर दोन्ही पिकं दिसतात. इतकं स्वच्छ उत्तर इतक्या स्वस्तात दुसरं तंत्र क्वचितच देतं.

कार्बोक्झिलेटची गोष्ट एवढी सरळ नाही. त्याच्या दोन पिकांमधलं अंतर मोजायचं. सोडियम अ‍ॅसिटेटमध्ये ते १६४ भरतं. डीकन आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये रचना माहीत असलेल्या संयुगांवर हा ठोकताळा तपासला. अंतर २०० च्या बरंच वर असेल तर एकाच ऑक्सिजनची पकड, सोडियम अ‍ॅसिटेटच्या १६४ पेक्षा बरंच कमी असेल तर दोन्हींची. मधल्या आकड्यांवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. पण आपण त्या दोघांचा लेख पंचांगासारखा वापरतो.

आता पाचशेखाली उतरू. तिथे लिगँडच्या वलयांची वाकणंही असतात आणि ती धातूच्या कंपनांत मिसळतात. डीएफटीचं गणित हे मिश्रण दाखवतं, पण खात्री समस्थानिकानेच होते. नाकामोतो यांनी तीच वाट दाखवली: एकदा निकेल-५८ घ्या, एकदा निकेल-६२, आणि कोणतं पीक दोन-चार आकडे हलतं ते बघा. हलेल त्यात धातूचा वाटा. अ‍ॅसिटिलॅसिटोनेटमध्ये तर नामांकित मंडळींनीही १५२० आणि १५८० ची नावं उलटी लावली होती. ती चूक पकडली समस्थानिकांनीच.

शिवाय यंत्रासमोरचं वास्तव. जुलैत अकीकाच्या खलात केबीआर घोटताना हवेतलं पाणी आत शिरतंच, आणि मग ३४०० ला रुंद टेकडी, १६३० ला उंचवटा. नेमका अ‍ॅझोमेथिनच्या शेजारी. आमच्याकडे या उंचवट्याला एकदा 'समन्वित पाणी' असं नाव मिळालं होतं. पेलेट दिव्याखाली वाळवल्यावर ते पाणी उडून गेलं. एटीआरने पेलेटची कटकट संपली, पण बहुतेक यंत्रं आजही ४०० लाच थांबतात. त्या टोकाशी गोंगाटही वाढतो, आणि गोंगाटातून हवं ते पीक काढता येतं.

म्हणून परीक्षक आणि मार्गदर्शक मंडळींना एवढीच विनंती: मोकळ्या लिगँडचा आयआर त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढून शेजारी छापायला लावा, आणि समस्थानिकाचा पुरावा नसेल तर ४५० च्या पिकाची नोंद फक्त 'नवं पीक' अशीच करायला सांगा.