शिडीची कितवी पायरी?

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. जगातील आनंदी देशांची यादी जाहीर झाली, फिनलंड पहिला आला आणि भारत फार मागे राहिला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपला क्रमांक ११८ वा होता; नेपाळ आणि पाकिस्तान दोघेही आपल्या पुढे होते. मग हळहळ होते किंवा राग येतो. आम्हीही एका वर्षी परिपाठात ही बातमी वाचून दाखवली आणि फळ्यावर लिहिले, की उत्पन्न, आरोग्य, आधार, स्वातंत्र्य, दानशूरता आणि भ्रष्टाचार या सहा बाबींना गुण देऊन हा क्रमांक काढतात. बातमीतच तसे म्हटले होते. ते साफ चूक आहे.

क्रमांक ठरतो एकाच प्रश्नावरून. दरवर्षी प्रत्येक देशात साधारण हजार लोकांना, भारतासारख्या मोठ्या देशात आणखी काही जणांना, विचारतात: एका शिडीला तळाशी ० आणि वर १० असे अंक आहेत असे समजा, १० म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेले सर्वांत चांगले जीवन, ० म्हणजे सर्वांत वाईट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे त्या देशाचा अंक. त्या सहा बाबी येतात नंतर, देशादेशांतील फरकाचे स्पष्टीकरण शोधताना. परीक्षेचे गुण उत्तरपत्रिकेवरून ठरतात. पुढे कोणी मुलांच्या अभ्यासाच्या तासांशी त्यांचा संबंध लावून पाहतो. म्हणून अभ्यासाचे तास म्हणजे गुण होत नाहीत. आणखी एक गंमत अशी, की ज्या अहवालाच्या नावात आनंद आहे त्याच्या मूळ प्रश्नात आनंद हा शब्दच नाही, समाधानही नाही.

ही शिडी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात ज्या देशांतील पाहण्या आहेत त्यांत भारतही आहे. मात्र कँट्रिल थेट शिडीवर जात नसत. आधी ते माणसाला विचारत: तुमच्या मनातले सर्वांत चांगले जीवन कसे असेल? कशाची आशा धरता? आणि भीती, काळजी कशाची वाटते? माणूस आपल्या शब्दांत बोले, ते लिहून घेतले जाई आणि त्यानंतर शिडी समोर येई. म्हणजे वरची आणि खालची टोके ज्याची त्याने स्वतःच रोवलेली असत. आजच्या जागतिक पाहणीत हे आधीचे बोलणे गळले आणि अंक तेवढा उरला. वेळ वाचतो हे खरे, पण आमच्या मते या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान इथेच झाले आहे, आणि ज्या समाजाची आर्थिक घडी बदलते आहे तिथे ते जास्तच जाणवते.

मूलच्या एका वर्गात आम्ही ही शिडी फळ्यावर काढली तेव्हा पहिला प्रश्न मुलांकडूनच आला: "सर, वरची पायरी कोणाची? माझी, की गावातल्या सगळ्यांत श्रीमंताची?" जंगलाच्या कडेला बांधी असलेल्या घरातली एक मुलगी म्हणाली, "वाघ नसला तं सहा, असला तं तीन." वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदू आणि मोह हा आमच्याकडे उन्हाळ्यातला रोख पैसा आहे, आणि तो आणायला वाघाच्याच वाटेने जावे लागते. त्या मुलीचा सहा आणि तीन यांची सरासरी साडेचार; पण साडेचारच्या पायरीवर ती कोणत्याही दिवशी उभी नसते.

आता जरा दूरचा दाखला घेऊ. १९८९ नंतर पूर्व युरोपातील देशांनी सरकारी नियोजनाची अर्थव्यवस्था सोडून बाजाराची धरली. तेथील समाधानाचा अभ्यास रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली मांडला. १९९० च्या दशकात उत्पादन कोसळले तसे समाधानही घसरले. पुढे उत्पादन सावरले, पण समाधान त्या मानाने सावरले नाही. लोक घरातल्या वस्तूंबद्दल अधिक समाधानी झाले आणि काम, आरोग्य, कुटुंब यांबद्दल कमी. सर्वाधिक फटका कमी शिकलेल्यांना आणि तिशी ओलांडलेल्यांना बसला. चीनमध्ये उत्पादन कधी घसरलेच नाही, १९९० पासूनच्या वीस वर्षांत ते कित्येक पटींनी वाढले. तरी तिथेही समाधान आधी उतरले आणि नंतर काहीसे चढले. वरच्या उत्पन्नगटाचे वाढले, तळच्या गटाचे बरेच कमी झाले. हमखास नोकरी आणि तिच्याबरोबर येणारे औषधपाणी व पेन्शन गेले, हे त्याचे एक मोठे कारण ईस्टरलिन आणि त्यांचे सहकारी देतात. २००९ मध्येच गुरिएव्ह आणि झुराव्स्काया यांनी पूर्व युरोपासाठी दिलेली कारणेही याच वळणाची आहेत: सार्वजनिक सेवा खालावल्या, विषमता वाढली, मिळकत बेभरवशाची झाली आणि जुन्या व्यवस्थेत शिकलेले कसब नव्या बाजारात कवडीमोल झाले. हा मात्र कायमचा शाप नव्हता. युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेच्या २०१६ च्या पाहणीत या देशांची समाधानातली तूट भरून निघालेली दिसली. अर्थात ज्या पश्चिमी देशांशी तुलना केली, तेच दरम्यान थोडे खाली आले होते.

या अभ्यासांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्थित्यंतराच्या आधीची आकडेवारी फारच थोडी आहे. रशियासाठी १९८१ सालची जी पाहणी वापरतात ती तांबोव या एकाच प्रांतातली. उद्या कोणी मूल तालुक्यात विचारपूस करून मुंबईकर किती समाधानी आहेत ते सांगितले, तर आपण काय म्हणू? शिवाय त्या राजवटीत अनोळखी माणसाने दारात येऊन विचारले, तर "ठीक नाही" असे किती जण म्हणाले असतील? आमच्याकडे राजवटीची भीती नसली तरी भीड आहे. झाडीपट्टीत कोणालाही विचारा, "बरा आहे जी" हेच उत्तर मिळेल. त्याला पाच म्हणायचे की आठ?

तरीही ती चार कारणे मनात ठेवून आमच्या भागाकडे पाहिले की बरेच काही उलगडते. १९९१ नंतरचे आपले स्थित्यंतर रशियाइतके अचानक नव्हते, पण कसबाचा भाव इथेही बदलला. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला एचएमटी धान दूरदूर पिकला. त्या ज्ञानाचा मोबदला त्यांच्या घरात मात्र फारसा आला नाही. २०१८ मध्ये ते गेले. धान निघाला की मूल, सावली भागातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. हातात रोख पैसा येतो. पण २०२० च्या टाळेबंदीत यांतली कितीतरी माणसे पायी परतली, तेव्हा "मिळकत बेभरवशाची" या रुक्ष शब्दांचा अर्थ आम्हाला चंद्रपूरच्या रस्त्यावर दिसला.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे. या जंगलांतला बांबू कित्येक वर्षे कागद गिरणीला भाडेपट्ट्याने जात असे आणि गावकऱ्याने तोडला तर तो गुन्हा ठरे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला असा हक्क २०१२ मध्ये मिळाला.

मजुरी वाढली, हे कोणताही तक्ता दाखवील. पण बांबू कधी आणि किती तोडायचा, तो कोणाला विकायचा, हे गाव बसून ठरवते, ते कोणत्या रकान्यात लिहायचे? जागतिक पाहणीत स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. तो एकेकट्या माणसाला विचारतो, की आयुष्यात काय करायचे ते निवडण्याच्या तुमच्या मोकळिकीबद्दल तुम्ही समाधानी आहात का. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात. तिथले स्वातंत्र्य सभेत आहे, एकट्याच्या खिशात नाही, त्यामुळे ते या प्रश्नाच्या जाळ्यातून निसटते. अर्थात हक्क मिळाला म्हणून सारे साधले असे आम्ही म्हणणार नाही. तेंदूचा लिलाव ग्रामसभेने केला तरी भाव बिडीच्या व्यापाऱ्यावरच अवलंबून राहतो, आणि कमी भावाचे वर्ष आले की घराघरांत हिशेब कोलमडतो.

शिडी टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. फक्त कँट्रिल यांनी घातलेला क्रम परत आणावा. वर्गात करायचे असेल तर मुलांना आधी दोन कोऱ्या चिठ्ठ्या द्याव्यात, एकीवर आशा आणि दुसरीवर काळजी लिहायला सांगावे, नाव लिहू देऊ नये, आणि शिडी शेवटी दाखवावी. घरी जाऊन आजीला किंवा आजोबांना हेच विचारायला सांगावे, आजच्या पायरीबरोबर पाच वर्षांपूर्वीची आणि पाच वर्षांनंतरचीही. चाळीस चिठ्ठ्यांची सरासरी काढून गावाचा क्रमांक लावण्याचा मोह टाळावा. आमच्या वर्गातल्या एका मुलाने आजोबांची आजची पायरी सात आणली, स्वतःची पाच. आजोबांच्या आशेच्या चिठ्ठीवर "नातू शिकावा" असे होते. नातवाच्या काळजीच्या चिठ्ठीवर "शिकून काय करू" असे.